आमच्या हाडाचा निर्णय आम्हाला विचारून घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय : गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत ग्राफ्टची निवड, रुग्णाची संमती आणि बीड जिल्ह्यातील सोयींबाबत

महोदय,



बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या पंचक्रोशीतला मी एक रहिवासी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, कोणत्या पक्षाचा नाही आणि कोणत्या संघटनेच्या वतीनेही लिहीत नाही. धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा हा गड आपल्याला नव्याने सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे दसरा मेळावा झाला, तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष इथे लागलं होतं. नंतर ते दुसरीकडे वळलं. इथली माणसं मात्र इथेच आहेत आणि त्यांचे काही प्रश्न उत्तराविना पडून आहेत. त्यातला एकच प्रश्न घेऊन मी आपल्यासमोर उभा आहे. गुडघ्याचं लिगामेंट तुटलेल्या गरीब माणसावर शस्त्रक्रिया होते, तेव्हा नवं लिगामेंट कशाचं करायचं हे कोण ठरवतं? आणि ते त्या माणसाला सांगितलं का जात नाही?

मंत्रालयातून पाहताना हा प्रश्न किरकोळ वाटू शकेल, पण तो तसा नाही. कारखान्याच्या फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी घसरतो. पाऊल जागेवर रुतलेलं राहतं आणि वरचं अंग वळतं. मातीच्या मैदानावर कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराचा घोटा पकडला जातो आणि गुडघा पिळवटतो. पोलीस भरतीच्या आठशे मीटरचा सराव पहाटेच्या अंधारात रस्त्यावर करणारी मुलगी खड्ड्यात पाय पडून कोसळते. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज येतो आणि काही तासांत सांधा सुजतो. पंधरा-वीस दिवसांनी सूज उतरते, माणूस चालू लागतो आणि घरचे म्हणतात, मुका मार होता. मग एक दिवस बांधावरून उतरताना गुडघा सटकतो. तुटलेलं असतं ते पुढचं क्रुसिएट लिगामेंट. मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारा हा पट्टा. तो नसला की गुडघ्यातली गादी फाटत जाते आणि ऐन तिशीत सांधा झिजू लागतो. अंगमेहनतीवर घर चालतं त्या घरात याचा अर्थ काय होतो, हे आपण जाणता.

हेच लिगामेंट आमच्या जिल्ह्यातल्या एका माणसाचं तुटलं, तेव्हा ते देशाला कळलं. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सुवर्णपदक आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, ही त्याची कमाई. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत तो पडला. लिगामेंटला आणि गादीला, दोन्हींना इजा झाली आणि मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याला चांगले उपचार मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण मला आपल्याला एक विचारायचं आहे. हाच गुडघा पदकांच्या आधी, मांडव्याच्या शाळेत असताना तुटला असता, तर आपल्या व्यवस्थेने त्याचं काय केलं असतं? तसे गुडघे आजही या जिल्ह्यात तुटत आहेत. त्यांची बातमी होत नाही, एवढाच फरक.

आता मूळ मुद्दा. हे लिगामेंट पूर्ण तुटलं की बहुतेकदा टाके घालून जुळत नाही. त्याच्या जागी नवा पट्टा बसवावा लागतो. मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदे पाडून त्यातून तो ओवतात आणि स्क्रू किंवा बटण लावून पक्का करतात. आमच्याकडे दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणतात ते हेच. हा पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, बहुतेक वेळा त्याच माणसाच्या शरीरातून काढलेला असतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या शिरेला कंडरा म्हणतात. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा घेता येतो. तो काढताना एका टोकाला वाटीच्या आणि दुसऱ्या टोकाला नडगीच्या हाडाचा तुकडा ठेवतात. मांडीच्या मागच्या, हॅमस्ट्रिंगच्या कंडरा घेता येतात. वाटीच्या वरची, मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा चालते. घोट्याच्या बाहेरच्या अंगाची पेरोनियस लाँगस ही कंडराही अलीकडे आपल्याकडे वापरली जाते. मृत दात्याची, ऊतिपेढीत जतन केलेली कंडरा हा आणखी एक मार्ग. कृत्रिम धाग्यांचे पट्टेही निघाले, पण त्यांचा इतिहास उजळ नाही. गोर-टेक्सच्या पट्ट्याला अमेरिकेत १९८६ मध्ये मान्यता मिळाली आणि १९९३ मध्ये तो बाजारातून गेला.

यातल्या प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळी आहे आणि ती शरीराने चुकवायची असते. हाडाच्या तुकड्यांसह घेतलेला ग्राफ्ट बोगद्यात हाडाला हाड म्हणून जुळतो आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरतो. नुसत्या कंडरेला हाडात रुजायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून जोरकस खेळ खेळणाऱ्या तरुणासाठी अनेक शल्यचिकित्सक हाडासहचा ग्राफ्ट निवडतात. पण त्यानंतर गुडघा टेकताना दुखण्याची तक्रार जास्त आढळते आणि क्वचित वाटीला तडाही जातो. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला, फरशी बसवणाऱ्या गवंड्याला, पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला हे दुखणं रोजचं होऊन बसतं. हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टमध्ये ते कमी असतं, पण गुडघा मागे ओढण्याची ताकद काहीशी घटते. अंगाने बारीक असलेल्या मुलीच्या या कंडरा इतक्या पातळ निघू शकतात, की दुमडूनही ग्राफ्टची जाडी आठ मिलिमीटर भरत नाही, आणि त्याहून पातळ ग्राफ्ट तुटण्याचा धोका वाढतो. पेढीतल्या कंडरेसाठी स्वतःच्या अंगावर वेगळा काप द्यावा लागत नाही, पण तरुण, धावत्या-खेळत्या माणसात ती जास्त तुटते. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या कॅडेटांच्या २०१२ मधल्या अभ्यासात पेढीतल्या ग्राफ्टचं अपयश स्वतःच्या ग्राफ्टच्या तुलनेत सात पटींहून अधिक आढळलं.

यातलं काहीच गुपित नाही. अस्थिरोगाच्या प्रत्येक शल्यचिकित्सकाला हे पाठ असतं. म्हणजे सगळ्यांना चालेल असा एकच उत्तम ग्राफ्ट नाही. माणूस काय काम करतो, कसा बसतो, काय खेळतो, त्याची शरीरयष्टी कशी आहे, यावर निवड ठरते. मग ज्याच्या मांडीवर सुरी चालायची आहे त्याला ही चार वाक्यं त्याच्या भाषेत सांगायला आपली व्यवस्था बांधील नाही का? तो शिकलेला नाही, त्याला समजणार नाही, असं उत्तर कृपया देऊ नका. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा आणि खाड्यांचा हिशेब आयुष्यभर तोंडी ठेवणाऱ्या माणसाला आपल्या गुडघ्याचा हिशेब समजतो. सांगणारा हवा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं उदाहरण देतो. कबड्डीत त्याचं लिगामेंट तुटलं आणि मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात आपल्याच आरोग्य योजनेखाली शस्त्रक्रिया झाली. त्याने सही केली तो कागद इंग्रजीत होता. सुटीच्या कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव होतं. ग्राफ्ट कुठला, किती जाडीचा, बोगदे किती रुंदीचे, स्क्रू कोणत्या धातूचा, यातलं काही नव्हतं. पुढे तो पट्टा सैल झाला आणि गुडघा पुन्हा सटकू लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, आधी कोणती कंडरा घेतली होती? त्याला सांगता आलं नाही. स्वतःच्या शरीरातून काय काढून नेलं, हे त्या शरीराच्या मालकाला ठाऊक नव्हतं. मी त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका रुग्णालयाची नाही. असा कागद चालवून घेणाऱ्या आणि त्यावर पैसे चुकते करणाऱ्या यंत्रणेची आहे. ती यंत्रणा आपली आहे.

कायदा या बाबतीत गप्प नाही, हेही आपण जाणता. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, उपलब्ध पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्याचे परिणाम रुग्णाला कळले असतील तरच त्याची संमती खरी. त्या खटल्यातल्या बाईचं गर्भाशय तिच्या संमतीशिवाय काढलं गेलं होतं. आणि बीड जिल्ह्यात तेव्हा आणि नंतर काय चाललं होतं? ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढल्याचं आढळलं. अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, या समजुतीची किंमत या जिल्ह्याने सगळ्या राज्याच्या आधी मोजली आहे. त्यानंतरही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा संमतीचा कागद रुग्णाला वाचता येत नसेल, तर त्या समितीतून आपण नेमकं काय शिकलात?

आता आश्वासनांकडे वळतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, की राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतील आणि यादीत १३५६ उपचार असतील. ते प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै २०२४ उजाडला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत केल्याचीही घोषणा झाली. घोषणा मोठ्या होत्या आणि आम्ही त्यांचं स्वागत केलं. पण मोफत म्हणजे नेमकं काय? लिगामेंटच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर रकमेत कोणता ग्राफ्ट गृहीत धरला आहे? स्क्रू आणि बटण त्यात येतात का? शस्त्रक्रिया फसून दुसरी करावी लागली तर तिला वेगळी रक्कम आहे का? त्या वेळी हाड भरावं लागलं तर त्याचा खर्च कोण करतो? ही उत्तरं साध्या मराठीत, प्रत्येक संलग्न रुग्णालयाच्या भिंतीवर लावायला आपल्याला कोणी अडवलं आहे? कारण रक्कम अपुरी असेल तर रुग्णाला योग्य ठरेल तो ग्राफ्ट बाजूला पडून रकमेत बसेल तो ग्राफ्ट निवडला जाण्याची वाट मोकळी होते. निवड वैद्यकीय आहे की हिशेबाची, हे ओळखायला आमच्याकडे आज काही साधन नाही.

रोपणांच्या किमतीचंही तसंच. संपूर्ण गुडघा बदलतात तेव्हा बसवल्या जाणाऱ्या सांध्यांवर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल किमतीची मर्यादा घातली आणि लाखो घरांना दिलासा मिळाला. पण त्याच गुडघ्यातलं लिगामेंट पक्कं करणाऱ्या स्क्रूला आणि बटणाला ती मर्यादा नाही. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या व्याख्येत आली आणि छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवण्यास बंदी झाली. मुळात किती छापायची, यावर मात्र बंधन नाही. गुडघा बदलणारे बहुतेक रुग्ण साठीपुढचे असतात, लिगामेंट तुटणारे बहुतेक विशी-तिशीतले. तरुण गुडघ्याला संरक्षण नको, असं कोणी ठरवलं? आपण याबाबत केंद्राकडे मागणी केली आहे का? राज्यात २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. त्या प्राधिकरणाने जिल्हा रुग्णालयांसाठी ही रोपणं एकत्रित दराने घेतली का?

फसलेल्या शस्त्रक्रियेबद्दल थोडं सविस्तर सांगणं भाग आहे, कारण हाडाचा प्रश्न खरा तिथे येतो. पट्टा सैल होतो तेव्हा हाडातले बोगदे अनेकदा रुंदावलेले असतात. ढिल्या झालेल्या खड्ड्यात नवी मेढ उभी राहत नाही. आधी खड्डा भरून माती घट्ट व्हावी लागते. तसंच इथे. बोगदे फार रुंद झाले असतील तर पहिल्या शस्त्रक्रियेत ते हाडाने भरतात, चार ते सहा महिने हाड धरू देतात आणि मगच दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवं लिगामेंट बसवतात. भरायचं हाड कुठून आणायचं? एक मार्ग म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाची कड कापणं. आपलं जिवंत हाड असल्याने ते चांगलं धरतं, पण कापलेली कमर पुढे बरेच दिवस दुखते. दुसरा मार्ग अस्थिपेढीतल्या हाडाचा, तिसरा कॅल्शियमच्या कृत्रिम पर्यायांचा. म्हणजे एका चुकलेल्या निवडीपोटी माणसाच्या गुडघ्यावर आणखी दोन शस्त्रक्रिया, कमरेवर आणखी एक काप आणि आयुष्यातला एक अख्खा गळीत हंगाम. उचल मात्र अंगावर तशीच राहते आणि पुढच्या हंगामात ती फेडायला घरातलं दुसरं कोणी तरी कोयता उचलतं. बहुतेक वेळा ते शाळा सोडलेलं पोर असतं. मी शिक्षक होतो, ही रिकामी बाकं मी पाहिली आहेत.

अस्थिपेढी ही काही परदेशी चैन नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ऊतिपेढी १९८८ पासून आहे आणि गॅमा किरणांनी हाड निर्जंतुक करून जपण्याचं काम तिने या देशात रुजवलं. म्हणजे हे ज्ञान आपल्याच राज्याच्या राजधानीत तीन तपांहून अधिक काळ आहे. आमच्या म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडतो आणि अर्धा सांधा बदलतात, तेव्हा मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकलेला असतो. दात्याच्या संमतीने, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस यांच्या तपासण्या करून तो जपला, तर दुसऱ्या कोणाच्या गुडघ्यातला बोगदा भरता येतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन ऊतींचा समावेश झाला आणि ऊतिपेढ्यांच्या नोंदणीची वाट आखली गेली. कायदा आहे, तंत्र आहे, हाडही आहे. मग मराठवाड्यातल्या किती सरकारी रुग्णालयांत नोंदणीकृत अस्थिपेढी आहे? छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ती उभारायला नेमकं काय आडवं येतं? आमच्याच म्हाताऱ्यांचं हाड कचऱ्यात जायचं आणि आमच्याच पोरांची कमर कापायची, हे आपल्याला पटतं का?

अंतराचा प्रश्नही आपल्याला ठाऊक आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे आणि ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पना सत्तरच्या दशकात इथे प्रत्यक्षात आली, याचा आम्हाला अभिमान आहे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. तरी लिगामेंटचं नाव निघालं की आमचा माणूस संभाजीनगरची, नगरची नाहीतर पुण्याची गाडी धरतो. म्हणून विचारतो. गेल्या वर्षी बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईला दुर्बिणीतून लिगामेंटच्या किती शस्त्रक्रिया झाल्या? दुर्बीण आहे का, ती चालू आहे का, ती चालवणारा प्रशिक्षित शल्यचिकित्सक नेमलेला आहे का? हे आकडे आपल्या टेबलावर आहेत. ते जाहीर करा. रेल्वे बीडला पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडला. तेवढी वाट फाटत चाललेल्या गादीला पाहता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचं तर कोणी बोलतच नाही. नवा पट्टा बसवला म्हणजे गुडघा बरा झाला असं नसतं. शरीर त्या पट्ट्यात नव्याने रक्तवाहिन्या आणि पेशी भरतं, आणि त्या काळात तो आधी कमजोर होतो, मग हळूहळू बळावतो. खेळाकडे किंवा जड कामाकडे परतायला साधारण नऊ महिने लागतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेलं. हे नऊ महिने रोजच्या व्यायामाचे आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीचे असतात. नारायणगडाच्या परिसरातल्या माणसाने ते कुठे करायचे? दर आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटरचं भाडं भरून शहरात जायचं? आपली योजना शस्त्रक्रियेचे पैसे देते आणि त्या शस्त्रक्रियेचं यश ज्यावर टिकतं, त्याला वाऱ्यावर सोडते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरावीक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवणं हे राज्याच्या कुवतीबाहेरचं आहे का?

आणि प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला आधी शिस्तशीर व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच नंतर शस्त्रक्रिया केली. त्या गटातल्या जवळपास निम्म्यांवर पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया करावी लागलेली नव्हती. गुडघा वारंवार सटकत असेल, गादी फाटलेली असेल, वळणा-उड्यांचा खेळ असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य ठरते. मी ती टाळा म्हणत नाही. पण व्यायामाचा मार्ग खुला ठेवायचा तर व्यायाम शिकवणारा माणूस जवळ हवा. तो नसेल तर आमच्यापुढे दोनच वाटा उरतात. शहरात जाऊन कापून घ्यायचं, नाहीतर लंगडत राहायचं. याला निवड म्हणत नाहीत.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. नॉर्वेने २००४ मध्ये आणि स्वीडनने २००५ मध्ये लिगामेंटच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणाला कोणता ग्राफ्ट लावला, तो टिकला की तुटला, याची नोंद तिथे होते आणि तिच्यातून पुढच्या रुग्णासाठी धडा मिळतो. आपल्या योजनेकडे तर प्रत्येक शस्त्रक्रियेचा दावा संगणकावर येतो. त्यात ग्राफ्टचा प्रकार, जाडी आणि पुढची शस्त्रक्रिया एवढे तीन रकाने वाढवले, तर महाराष्ट्राला स्वतःची माहिती मिळेल. सध्या आम्ही कॅडेटांच्या आणि स्वीडनच्या आकड्यांवर विसंबतो. मोळी वाहणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, अनवाणी दिंडीत चालणाऱ्या माणसाच्या गुडघ्यात कोणता ग्राफ्ट टिकतो, हे जगात दुसरं कोणी मोजणार नाही. ते आपणच मोजायला हवं. पैसे आपले, रुग्ण आपले, मग माहिती का नको?

मोघम तक्रार करून थांबायचं नाही, म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो. योजनेखाली होणाऱ्या लिगामेंटच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी ग्राफ्टचे पर्याय, त्यांचे फायदे-तोटे आणि डॉक्टरांनी सुचवलेल्या पर्यायाचं कारण सांगणारा मराठी संमतीपत्राचा नमुना सक्तीचा करा. ज्याला वाचता येत नाही त्याला तो नातेवाइकासमोर वाचून दाखवल्याची नोंद घ्या. सुटीच्या कार्डावर ग्राफ्ट, त्याची जाडी आणि वापरलेली रोपणं लिहिल्याशिवाय रुग्णालयाचा दावा मंजूर करू नका. मंजूर रकमेत काय येतं आणि काय येत नाही, ते जाहीर करा. दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया आणि हाड भरण्याचा खर्च यादीत स्पष्ट घाला. घाटीत अस्थिपेढी उभारण्याचा निर्णय कालमर्यादेसह घ्या. बीड आणि अंबाजोगाईतल्या सोयींची आणि रिक्त पदांची स्थिती सार्वजनिक करा आणि ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपीचे दिवस ठरवून द्या.

यातल्या पहिल्या तीन मागण्यांना नवी इमारत लागत नाही, नवा कर लागत नाही, विधिमंडळाचं अधिवेशनही लागत नाही. एका परिपत्रकाचं काम आहे. ते इतकी वर्षं का निघालं नाही, याचं उत्तर या राज्याचा नागरिक म्हणून मला हवं आहे. आम्ही आपल्याकडे उपकार मागत नाही. शरीर आमचं आहे, योजनेतला पैसा आमच्या करांचा आहे आणि आश्वासन आपण दिलेलं आहे.

पत्र मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं, असं उत्तर कृपया धाडू नये. येत्या हंगामासाठी आमच्या गावांतून कोयते निघतील, त्याआधी मुद्द्यांप्रमाणे लेखी उत्तर मिळावं. ते आलं तर गावात सगळ्यांना वाचून दाखवीन. आलं नाही तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात एकेक करून विचारीन, आणि गावोगावच्या ग्रामसभांनी त्यांचे ठराव करून आपल्याकडे पाठवावेत म्हणून फिरेन.

आपला,
नारायणगड परिसरातील एक नागरिक
जि. बीड